मराठी न येणारा माझा वाचक

आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत मला गोष्ट वाचायला पंधरा मिनिटं मिळणार होती. मुलांच्या फॅन्सी ड्रेसला उशीर झाला, मग बक्षिसं, मग आरती. शेवटी सेक्रेटरी माझ्याजवळ येऊन वाकून म्हणाले, "वहिनी, पाच मिनिटांत आटपाल ना? तिकडे भैया लोकांनी पुऱ्या तळायला घेतल्यात."

मी वाचायला उभी राहिले. दुसऱ्या पानावर आले तोवर मागच्या रांगा उठल्या होत्या. पहिल्या रांगेत माझा नवरा मोबाइल बघत बसला होता. मी एका वाक्याच्या मध्येच थांबले आणि "धन्यवाद" म्हणाले. टाळ्या पडल्या. गोष्ट अर्धीच राहिली हे कुणाच्याही लक्षात आलं नाही. जेवताना एक बाई म्हणाल्या, "छान लिहिता हो तुम्ही. हा मसालेभात कुणी केलाय?"

लखनौत येऊन मला सत्तावीस वर्षं झाली. नवरा रेल्वेच्या संशोधन खात्यात इंजिनिअर होता, त्यामुळे त्यातली तेवीस मानक नगरच्या क्वार्टरमध्ये गेली. तो निवृत्त झाल्यावर आम्ही इंदिरा नगरात फ्लॅट घेतला. मी वर्ध्याची. लग्नाआधीपासून लिहीत होते, इथे आल्यावरही लिहीत राहिले. माझं एक पुस्तक निघालं, त्याच्या प्रती अजून दिवाणच्या आत आहेत. नवऱ्याने ते वाचलं नाही. मुलीला मराठी समजतं, पण मी मराठीत विचारलं की ती हिंदीत उत्तर देते. पुस्तकाचं विचारलं तेव्हा म्हणाली, "मम्मी, आराम से पढ़ूँगी ना, जल्दी क्या है?" तिला आता गुरुग्रामला जाऊन पाच वर्षं झाली आहेत.

गणपतीच्या त्या दिवसानंतर मी ठरवलं की बस झालं. लिहून ठेवलेल्या चार गोष्टी होत्या, त्या एकदा कुठेतरी पाठवून द्यायच्या आणि वही बंद करायची. पण मासिकांना आता हाताने लिहिलेलं चालत नाही, टाइप केलेलं लागतं. कॉम्प्युटर शिकवतो असं नवरा दोन वर्षं म्हणत होता. म्हणून मी बाजारातल्या एका फोटोकॉपीच्या दुकानात गेले.

तिथे कोपऱ्यात एक टायपिस्ट बसायचा. पासष्टीचा असेल, मेंदी लावलेली दाढी, जाड काचांचा चष्मा. आयुष्यभर त्याने कचेरीबाहेर बसून अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं टाइप केली होती. मशीन गेलं, कॉम्प्युटर आला, तेव्हा तो या दुकानात आला. मी कागद पुढे केले. त्याने पहिल्या चार ओळी वाचल्या आणि मान वर केली.

"ये हिंदी तो नहीं है, बहन जी."

"मराठी है. अक्षर तो वही हैं. आपको बस देखकर छापना है."

"अक्षर वही हैं," तो म्हणाला, "एक को छोड़कर." त्याने 'ळ'वर बोट ठेवलं. "इनसे मेरी मुलाक़ात नहीं हुई."

त्या अक्षराची कळ त्याच्या कीबोर्डवर होती, फक्त त्याच्या बोटाला तिची कधी गरज पडली नव्हती. पहिली गोष्ट त्याने टाइप करून दिली त्यात सगळीकडे 'डोले', 'काला', 'वेल' झालं होतं. 'पाणी'चं पानी झालं होतं, 'आहे'चं काही ठिकाणी है. मी तिथेच स्टुलावर बसून लाल पेनने दुरुस्त्या केल्या. मला राग आला होता, पण तो न कुरकुरता एकेक शब्द बदलत गेला. मग म्हणाला, "ये 'म्हणजे' क्या चीज़ है? हर पन्ने पर दस बार आता है."

मी सांगितलं. तो म्हणाला, "तो आप हर बात दो बार कहती हैं."

मला ते लागलं. घरी येऊन मी पानं काढली आणि मोजून सगळे 'म्हणजे' खोडले. वाक्यं तशीच उभी राहिली, उलट सरळ झाली. मला लिहायला लागून पस्तीस वर्षं झाली होती आणि माझ्या वाक्यांबद्दल कुणीतरी काहीतरी म्हणण्याची ही पहिली वेळ होती.

दुसऱ्या गोष्टीपासून तो थांबून थांबून विचारायला लागला. "यह जो औरत है, इसने देवर को चाबी क्यों दी?" दोन दिवसांनी गेले की, "अच्छा, तो चाबी नक़ली थी!" अर्ज टाइप करायला आलेली माणसं मागे ताटकळत असायची आणि हा मला माझ्याच गोष्टीतल्या बाईबद्दल विचारत असायचा. त्याला अर्धं कळायचं, उरलेलं तो जुळवायचा. कधी चुकीचं जुळवायचा, आणि मला वाटायचं की त्याने जुळवलेलं माझ्यापेक्षा बरं आहे.

वही बंद करायची होती ती राहिली. पाचवी गोष्ट मी नवी लिहिली. ती माझ्या आईच्या मृत्यूची होती. तीत मुलगी लांबच्या शहरातून रात्रभर प्रवास करून सकाळी पोचते. आई डोळे उघडते, तिचा हात धरते, "आलीस का" म्हणते आणि जाते. लिहिताना मी रडले होते. मला वाटत होतं की हे माझं सगळ्यात चांगलं लिखाण आहे.

टायपिस्टने ती टाइप केली. मी कागद घ्यायला गेले तेव्हा तो पानं जुळवत बसला. मीच विचारलं, "कैसी लगी?"

त्याने चष्मा काढून पुसला. "बहन जी, बुरा न मानिएगा. मैंने अपनी वालिदा को जाते देखा है. वो हाथ-वाथ नहीं पकड़तीं. उन्हें पानी चाहिए होता है, और पानी गले से उतरता नहीं." मग जरा थांबून त्याने विचारलं, "आप पहुँची थीं?"

दुकानात मशीनचा आवाज चालू होता. मी म्हणाले, "नहीं."

"मुझे लगा ही था," तो म्हणाला, आणि कागदांना टाचणी लावून माझ्या हातात दिले.

मी पोचले नव्हते. आई गेली त्याला तेव्हा बारा वर्षं झाली होती आणि हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. भावाचा फोन गुरुवारी आला होता, "ताई, ये आता, डॉक्टर म्हणतात काही खरं नाही." रविवारी नवऱ्याचे मोठे साहेब आमच्या क्वार्टरवर जेवायला येणार होते. त्यांनी मुद्दाम पुरणपोळी सांगितली होती. मी थांबले. शनिवारी डाळ भिजवली, रविवारी सकाळपासून पोळ्या केल्या. साहेबांच्या बायकोने तीन खाल्ल्या आणि रेसिपी लिहून घेतली. ती लिहून घेत असताना फोन वाजला. मी सोमवारी निघाले आणि पोचले तोवर सगळं होऊन गेलं होतं. भावाला मी सांगितलं, तिकीट मिळालं नाही.

घरी येऊन मी गोष्ट पुन्हा लिहिली. या वेळी मुलगी पोचत नाही. तिचा नवरा म्हणतो, "आता जायचं नाही, साहेब येणार आहेत." ती गप्प बसते आणि पुरण वाटते. लिहिताना मला बरं वाटलं. इतक्या वर्षांचा राग बाहेर पडला असं वाटलं. ताठ मानेने दुकानात गेले.

टायपिस्टने दोन दिवस घेतले. कागद देताना म्हणाला, "ठीक है."

"बस, ठीक?"

"अपने शौहर से बहुत नाराज़ हैं आप. वो सब आ गया है इसमें." मग तो दुसऱ्या माणसाचा अर्ज टाइप करायला वळला.

ई-रिक्षात बसले आणि घरी येईपर्यंत मला माहीत असलेलंच पुन्हा आठवत राहिलं. नवरा तसं म्हणालाच नव्हता. गुरुवारी फोन आला तेव्हा तो पेपर वाचत होता. तो म्हणाला होता, "तुझं तू ठरव. जायचं तर पास काढून देतो, हॉटेलातून मागवू जेवण." मला कुणीही अडवलं नव्हतं. त्याआधी दोनदा असाच फोन येऊन मी धावत गेले होते आणि दोन्ही वेळा आई उठून बसली होती. मला कंटाळा आला होता. आणि साहेबांच्या बायकोला माझ्या हातची पोळी खाऊ घालायची होती. क्वार्टरमधल्या बायका म्हणायच्या, तुमची पोळी तोंडात विरघळते, ते मला आवडायचं. इतकंच कारण होतं.

तिसऱ्यांदा लिहिलं तेव्हा मी रडले नाही. आईच्या घशाखाली न उतरणारं पाणी या वेळी गोष्टीत आलं. लिहायला तीन आठवडे लागले. गोष्टीतली बाई भावाला तिकीट मिळालं नाही म्हणून सांगते आणि भाऊ ते खरं मानतो, तिथे मी संपवलं. टायपिस्टने ती माझ्यासमोरच टाइप केली. त्याला आता 'ळ' शोधावा लागत नव्हता. शेवटच्या ओळीला त्याने हात थांबवले, स्क्रीनकडे बघत राहिला आणि म्हणाला, "ये छपवाइएगा मत, अगर भाई ज़िंदा हैं."

"ज़िंदा है."

"तो सोच लीजिए."

मी विचार केला नाही. गोष्ट एका दिवाळी अंकाला पाठवली आणि ती छापून आली. संपादकांनी दोन ओळींचं पत्रही पाठवलं, बऱ्याच दिवसांनी असं काही वाचलं म्हणून. ते पत्र मी नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, "अरे वा," आणि परत दिलं.

अंक निघाल्यावर पंधरा दिवसांनी मंडळातल्या कुणीतरी नवऱ्याला सांगितलं की गोष्टीत तुम्ही आहात. तेव्हा माझं लिखाण त्याने आयुष्यात पहिल्यांदा वाचलं. सोफ्यावर बसून सगळं वाचून काढलं, अंक बंद करून टीपॉयवर ठेवला.

"पुरणपोळीचं लिहायची काय गरज होती? साहेब इथेच राहतात अजून. उद्या कुणी दाखवलं तर?"

"बाकीचं?" मी विचारलं.

"बाकीचं काय? मी तुला जा म्हटलं होतं, ते बरोबर लिहिलंयस." तेवढं समाधान त्याला होतं. मग तो फिरायला गेला.

भावाचा फोन दुसऱ्या दिवशी सकाळी आला. मी भाजी चिरत होते. त्याच्या बायकोने अंक वाचनालयातून आणला होता. तो ओरडला नाही, ओरडला असता तर बरं झालं असतं.

"ताई, हे खरं आहे?"

"हो."

"मी सगळ्यांना सांगत होतो तिकीट मिळालं नाही म्हणून. रेल्वेवाल्याच्या बायकोला तिकीट मिळालं नाही, लोक तोंडावर हसायचे माझ्या. तरी मी सांगत राहिलो. काकांशी भांडलो त्यावरून. तू एकदा मले सांगितलं असतं तर काय झालं असतं?"

मी सुरी खाली ठेवली.

"चमच्याने पाणी मी घालत होतो तिच्या तोंडात. चार दिवस. आणि गोष्ट तुझी झाली?" तो म्हणाला. "बारा वर्षांत मले सांगायला तुझी जीभ उचलली नाही, आणि सगळ्या महाराष्ट्राला सांगितलं." त्याने फोन ठेवला. त्यानंतर त्याने माझा एकही फोन घेतला नाही. मी दोनच केले होते, हेही सांगायला हवं.

त्याच महिन्यात एक अनोळखी फोन आला. मागे एसटी स्टँडचा गोंगाट होता, कुठली तरी गाडी कुठल्या तरी फलाटावर लागल्याची घोषणा चालू होती. माणूस म्हणाला, मी जालन्याकडचा, डेपोत कंट्रोलर आहे, नंबर अंकाच्या संपादकांकडून घेतला. मला वाटलं कौतुक करणार. तो म्हणाला, "मॅडम, तुमची गोष्ट वाचून मला तुमचा फार राग आला. वडील गेले तेव्हा माझी बहीण अशीच उशिरा आली. मुलाची परीक्षा होती म्हणाली. नऊ वर्षं मी तिच्याशी बोललो नाही."

मी "हं" म्हणाले.

"काल तिला फोन लावला."

"मग?"

"उचलला नाही तिने. आज परत लावणार आहे." मग घाईघाईने, "ठेवतो, गाडी आली," आणि फोन बंद झाला. नाव त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. चांगलं लिहिलंय असं तो एकदाही म्हणाला नाही. तरी मी स्वयंपाकघरात उभी राहून तो फोन कितीतरी वेळ हातात धरून होते. परक्या माणसाने माझी गोष्ट वाचून बहिणीला फोन केला होता, आणि माझ्या भावाने तीच गोष्ट वाचून बंद केला होता. दोघांनीही ती अगदी नीट वाचली होती.

अंक द्यायला मी दुकानात गेले तेव्हा टायपिस्टची खुर्ची रिकामी होती. मालक म्हणाला, त्याचे डोळे गेले, काचबिंदू होता, कुणाला सांगितलं नाही इतके दिवस. माझी शेवटची गोष्ट टाइप करताना तो स्क्रीनला नाक लावून बसला होता ते मला आठवलं. ती सवय असेल असं मी धरून चालले होते.

पत्ता घेऊन अमीनाबादला गेले. रिक्षा कापडबाजाराच्या तोंडाशी सोडावी लागली, पुढे चिकनकारीच्या कुर्त्यांच्या ढिगांमधून चालत. एका अरुंद जिन्याने वर गेल्यावर त्याच्या सुनेने दार उघडलं. "अब्बू, कोई मैडम आई हैं," ती म्हणाली आणि माझ्याकडे संशयाने बघत आत गेली.

तो तख्तावर बसला होता. माझा आवाज ओळखला. "बहन जी, छप गई?"

मी अंक त्याच्या हातात दिला. त्याने पानांवरून बोटं फिरवली, कागद चांगला आहे म्हणाला. मग विचारलं, "मेरा नाम है इसमें कहीं?"

अंकाच्या शेवटी लेखकांनी दोन ओळींची ओळख द्यायची असते. मी माझं पुस्तक, माझं गाव आणि नवऱ्याचा हुद्दाही लिहिला होता. ज्या माणसाने ती गोष्ट दोनदा परत पाठवली, त्याच्याबद्दल एक शब्द लिहावा असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

"नहीं," मी म्हणाले. "गलती हो गई मुझसे."

"नहीं-नहीं, टाइपिस्ट का नाम कहाँ होता है," तो म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, त्यामुळे ते ऐकणं जास्त कठीण गेलं. "चालीस साल में जाने कितनी अर्ज़ियाँ छापीं, किसी में नहीं था. बस, आपकी वाली में जी करता था कि हो."

मी म्हटलं, पुढच्या वेळी नक्की देईन. तो म्हणाला, "अब रहने दीजिए. पढ़कर सुना दीजिए."

मग मी वाचली. मराठीतच, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. खालून फेरीवाल्यांचा आरडाओरडा येत होता. मधे सून चहा ठेवून गेली. तो मान खाली घालून ऐकत होता. आईला पाणी पाजण्याच्या भागाशी त्याने हात वर केला, म्हणून मी तेवढं परत वाचलं. माझी एखादी गोष्ट माझ्या तोंडून कुणी पूर्ण ऐकली ती एवढीच, आणि ऐकणाऱ्याला ती भाषा येत नव्हती. या गोष्टीचा आनंद व्हायला हवा होता. मला मंडळाचा तो हॉल आठवत राहिला आणि तोंड कडू झालं.

वाचून झाल्यावर त्याने विचारलं, "भाई ने पढ़ी?"

मी सगळं सांगितलं. भाऊ काय म्हणाला तेही. त्याने चहाचा कप चाचपून बाजूला ठेवला. मग म्हणाला, "सही कहा उन्होंने. पानी तो वही पिला रहे थे. उनकी तरफ़ से तो आपने कुछ लिखा ही नहीं."

निघताना त्याची सून जिन्यापर्यंत आली. दबक्या आवाजात म्हणाली, "मैडम, अब काम मत लाइएगा इनके लिए. डॉक्टर ने मना किया है." मी म्हटलं, काम नव्हतं आणलं. तिने मान हलवली, तिचा विश्वास बसला नसावा. पुढच्या महिन्यात पुन्हा गेले तेव्हा दाराला कुलूप होतं. खालच्या दुकानदाराने सांगितलं की मुलाने बिऱ्हाड कानपूरला हलवलं. फोन नंबर त्याच्याकडे नव्हता. तो आधीच घेऊन ठेवावा हेही मला सुचलं नव्हतं.

आता मी मोबाइलवर स्वतः टाइप करते, एका बोटाने. फार वेळ लागतो. नवऱ्याने एकदा विचारलं, "आता काय नवीन?" मी सांगितलं, एक भाऊ आहे, तो चार दिवस आईच्या उशाशी बसून चमच्याने पाणी पाजतो आणि दारात रिक्षा वाजली की उठून बघतो. नवरा म्हणाला, "परत तेच? त्याला विचारलंस का तरी?"

विचारलेलं नाही. तो फोन घेत नाही, आणि घेतला तरी नाहीच म्हणेल. ही गोष्ट छापली तर उरलंसुरलंही संपेल, मला माहीत आहे. तीन पानं राहिली आहेत. सकाळची कामं आटपली की मी बसते आणि लिहिते.